करडईचं कोमट तेल

दिंद्रुडात कुणाच्या लेकराचा कान ठणकायला लागला की त्याला आधी वत्सलाबाईच्या ओसरीवर आणतात, दवाखाना मागून. ही रीत आजची नाही, वत्सलाबाई या गावात सून म्हणून आली तेव्हापासूनची. लोखंडी पळीत करडईचं तेल घ्यायचं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून टाकायच्या, चिमूटभर ओवा टाकायचा, लसूण काळा पडेस्तोवर कढवायचं. मग हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघायचं आणि कोमट लागलं की चार थेंब कानात. रडून रडून घर डोक्यावर घेतलेलं लेकरू दहा मिनिटांत झोपून जातं. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांमधल्या बायासुद्धा ट्रॅक्टर थांबवून तिच्याकडून बाटली भरून न्यायच्या. तिनं त्याचा कधी पैसा घेतला नाही. मान मात्र घेतला, आणि तो तिला आवडायचा. उगीच खोटं कशाला बोला?

आणि अशा बाईच्या घरात कान फुटलेली लेक येऊन बसली. आता काय म्हणावं!

लेक म्हणजे स्वप्नाली. वय एकोणतीस. माजलगावच्या धरणाहून मोठं पाणी ज्या घरानं कधी बघितलं नाही, त्या घरातली ही पोरगी सहा वर्षांपासून लक्षद्वीपच्या एका बेटावर राहत होती. पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायची आणि तिथले प्रवाळ तपासायची. गावात प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि पोवळं म्हणजे मंगळाची अंगठी, एवढंच ठाऊक. शेजारच्या अर्जुनरावांनी तर नातवाच्या पत्रिकेत मंगळ निघाल्यापासून तिच्यामागं टुमणं लावलं होतं, की एक चांगला खडा आण. तिनं त्यांना दर वेळी न चिडता समजावलं, की अंगठीतलं पोवळं वेगळं आणि मी बघते ते वेगळं, ह्यांची अंगठी होत नाही, ह्यांची बेटं होतात. अर्जुनराव मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा खडा मागायचे.

तिचा बाप आसाराम. चार एकर ऊस आणि रोखठोक तोंड. एप्रिलमध्ये लेक कानाला कापूस लावून घरी आली आणि तिकडं प्रवाळाला रोग पडलाय म्हणून सांगायला लागली, तेव्हा तो हसला होता. दगडाला कसला आलाय रोग, म्हणाला. मग स्वप्नालीनं त्याला मोबाईलवर दाखवलं. हा दगड नुसता दगड नाही, वरून जिवंत आहे. मुंगीहून बारके लाखो जीव एकमेकांना चिकटून त्याच्यावर कातडीसारखे पसरलेले असतात, आणि खालचा दगड त्यांनीच बांधलेला असतो. असे हजारो दगड मिळून बेटाभोवती भिंत होते. त्या भिंतीत मासे राहतात, लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून बेट टिकतं. त्यातला एक तर आपल्या कडब्याच्या गंजीएवढा. तो वर्षाला नखाएवढा वाढतो, म्हणजे आज चारशे वर्षांचा असेल.

"म्हंजी निजामाच्याबी आधीचा," आसाराम म्हणाला, आणि त्यानंतर तो हसला नाही.

स्वप्नाली त्या मोठ्या प्रवाळाला म्हातारा म्हणायची. मग घरात सगळेच म्हातारा म्हणायला लागले.

तर ह्या म्हाताऱ्याला रोग लागला होता. यंदा समुद्राचं पाणी फेब्रुवारीपासूनच तापलं. तापलेल्या पाण्यानं प्रवाळ अशक्त झाले, आणि अशक्ताला दुखणं आधी धरतं, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? वरची जिवंत साल मरून सुटायला लागली. खालून पांढराफटक दगड उघडा पडायचा आणि त्या पांढऱ्याची कड दिवसाला बोटभर पुढं सरकायची. म्हाताऱ्याला तीन जागी लागलं होतं. औषध होतं, नाही असं नाही. मलमासारखा लगदा असतो, तो त्या कडेनं अंगठ्यानं दाबत दाबत पाळ घातल्यासारखा लावायचा, म्हणजे रोग पाळ ओलांडत नाही. कधी लागू पडतं, कधी नाही. पण जिवंत प्रवाळाला सरकारी कागदाशिवाय औषध लावायची सोय नाही. तो कागद यायला चार आठवडे गेले आणि आला तो एकट्या स्वप्नालीच्या नावावर. कागद आला त्या दिवशी तिला सर्दी होती. नाक चोंदलेलं असताना खोल पाण्यात उतरू नये, हे तीच दुसऱ्यांना शिकवायची. तरी उतरली. पाण्याच्या दाबानं डाव्या कानाचा पडदा फाटला आणि औषध लावायचं राहून ती रक्ताळलेला कान घेऊन वर आली.

कोचीच्या डॉक्टरनं सांगितलं, तीन आठवडे कान कोरडा ठेवा, आत काही जाऊ देऊ नका, पडदा आपोआप भरून येईल. बेटाला जायचं जहाज सहा मेचं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांत समुद्र खवळतो, बोटी ओढून ठेवतात, आणि पार सप्टेंबरपर्यंत कुणी पाण्यात उतरत नाही. सहा तारीख गाठली तर म्हाताऱ्याचं निम्मंअर्धं अंग तरी वाचेल आणि ती चुकली तर तो गेला, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

रोज सकाळी अकराच्या सुमाराला बेटावरून चित्रफीत यायची. ज्याच्या बोटीतून ती जायची तो पन्नाशीचा मच्छीमार श्वास धरून बुडी मारायचा, म्हाताऱ्याभोवती कॅमेरा फिरवायचा आणि धक्क्यावर येऊन पाठवायचा. घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून मायलेकी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून बघायच्या. वत्सलाबाईला आधी नुसतं निळं आणि हलणारं दिसायचं. चार दिवसांत नजर बसली. तपकिरी ते जितं, पांढरं ते आत्ता मेलेलं, हिरवट-करडं ते मरून शेवाळ धरलेलं. मग तीच आधी सांगायला लागली, की डाव्या अंगाला कालच्यापेक्षा सरकलंय बघ. पोरगी नुसती स्क्रीन दोन बोटांनी मोठी करून बघत राहायची. तिचं जेवण तुटलं होतं. वत्सलाबाईला म्हाताऱ्याची कणव यायची ती आधी पोरीच्या तोंडाकडं बघून, पण पुढं पुढं त्याची त्याचीही यायला लागली. चारशे वर्षं एका जागी बसलेला जीव, त्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही. तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

आणि कान काही भरून यायची लक्षणं तिला दिसेनात. पोरगी सारखी कानाजवळ हात न्यायची. आत सूं सूं आवाज येतो म्हणायची, कधी खाज, कधी कळ. वत्सलाबाईनं आल्या दिवशीच तेलाचं विचारून बघितलं होतं. स्वप्नालीनं सरळ सांगितलं, आई, काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पण वत्सलाबाईच्या मनाला ते पटलं नव्हतं. पाणी घालू नको म्हणतात ते बरोबर. तेल म्हणजे काय पाणी हाय का?

बाराव्या दिवशी तुळजाबाई नातवाचा कान घेऊन आली. नातू झोपला, आणि ही बाई जाता जाता बोलली. सबंध गावाचे कान बरे केलेस, अन् घरच्या पोरीचा सडतोय व्हय? पिकतं तिथं इकत न्हाई म्हणतात ते काय खोटं न्हाई. हसत बोलली ती, मनात काही नव्हतं. पण वत्सलाबाईला ते लागलं. पळीत तेल उरलं होतं. पोरगी गोळी घेऊन आतल्या खोलीत डाव्या कानावरचा कापूस सुटलेला तशीच उजव्या कुशीवर झोपली होती. दुपारचे तीन वाजले असतील. वत्सलाबाईनं हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघितला. सहा तारखेला आठ दिवस उरलेत, आपलं तेल लागलं तर पोर चार दिवसांत ठणठणीत होऊन जाईल, असा हिशोब तिच्या डोक्यात होता, त्यात पाप कुठं होतं सांगा! चार थेंब घातले. पोरगी झोपेतच जराशी सुखावल्यासारखी झाली. वत्सलाबाईनं कापूस नीट बसवला आणि पळी घासून फडताळात ठेवली.

दोन दिवस सगळं छान. पोरगी गाढ झोपली, खाज थांबली म्हणाली, भाकरीही नीट खाल्ली. वत्सलाबाई मनातल्या मनात फुलून गेली, पण बोलली नाही. सहा तारीख होऊ दे, पोर बोटीत बसू दे, मग हसत हसत सांगू, असं तिनं ठरवलं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच. तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. संध्याकाळी कापूस काढला तर पिवळा पू आणि त्याला घाण वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसारामनं जीप केली आणि तिघं बीडला कानाच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं नळीनं पू ओढला, दिवा लावून बराच वेळ आत बघितलं. मग खुर्ची फिरवून विचारलं, कानात तेल कुणी घातलं?

वत्सलाबाई बाजूच्या स्टुलावर बसली होती. तोंड उघडायचं होतं तिला, देवाशपथ उघडायचं होतं. पण ती मूग गिळून बसली.

"मीच घातलं," स्वप्नाली म्हणाली. "फार खाजत होतं."

मग डॉक्टरनं पोरीला जे झाडलं, ते ऐकवत नव्हतं. एवढं शिकलात, समुद्रात जाता, आणि फाटलेल्या पडद्यातून तेल ओतता? तुमच्यापेक्षा अडाणी बाई बरी. अडाणी बाई दोन हातांवर बसून सगळं ऐकत होती. पोरगी मान खाली घालून हो हो म्हणत होती. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, की पडद्याचं भोक आता मोठं झालंय, जंतू आत गेलेत. तीन महिने औषध, मग शस्त्रक्रियेचं बघू. सहा तारखेचं आसारामनं विचारलं, तेव्हा डॉक्टर थोडे मऊ झाले. यंदाचं सोडाच, म्हणाले, खोल पाण्यात जाणं कदाचित कायमचंच सुटलं असं समजा.

पोरीनं खोटं का बोललं असेल, हे परतीच्या वाटेभर जीपमध्ये वत्सलाबाईच्या डोक्यात घोळत होतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. तेल कुणी घातलं ते पोरीला कळलेलं होतं, एवढं मात्र नक्की.

पुढचे दिवस स्वप्नालीनं फोनवर काढले. उजव्या कानाला फोन लावून ती दिवसभर गच्चीवर फेऱ्या मारायची. तिच्या संस्थेतले बाकीचे दुसऱ्या बेटांवर होते, तिकडंही रोग होता, कुणी यायला मोकळं नव्हतं. कागदावरचं नाव बदलून द्या म्हणून तिनं चार ठिकाणी अर्ज पाठवले. अर्ज मिळाला, पुढं पाठवलाय, महिनाभरात कळवू, असं उत्तर आलं. महिनाभरात! तो मच्छीमार म्हणाला, दीदी, मलम बेटावर पडलंय, तुम्ही फोनवर सांगा, मी लावतो. दोन तास ती त्या गोष्टीवर विचार करत बसली होती. मग तिनं त्याला नको म्हणून सांगितलं. कागदाशिवाय पकडला गेला तर त्याची बोट जाईल, आणि बोटीवर त्याची सात माणसं जगतात.

सहा तारीख आली आणि गेली. त्या दिवशी आसाराम सकाळीच उसाला पाणी द्यायला गेला तो तिन्हीसांजेला परतला. वत्सलाबाईनं मात्र दुपारी देवापुढं बसून नारायणगडाला नवस बोलला, की म्हाताऱ्याचं एक अंग तरी राहू दे, अनवाणी चालत येईन. समुद्रातल्या दगडासाठी त्या गडाला नवस बोललेली ही पहिलीच बाई असावी. दुसरं करण्यासारखं तिच्या हातात काय होतं? हातात होतं ते तिनं आधीच करून ठेवलं होतं.

चित्रफिती येत राहिल्या. पोरगी बघायची आणि वहीत काहीतरी टिपून ठेवायची. आता ते टिपून काय उपयोग, हे वत्सलाबाईला कळत नव्हतं, पण ती शेजारी बसायची. तीन पांढरे पट्टे एकमेकांना मिळाले. तपकिरी अंग आकसत आकसत माथ्याशी गेलं. खालचं पांढरं आधी पिवळट झालं, मग त्याच्यावर शेवाळाची लव आली. आधी म्हाताऱ्याच्या कपारीत बारके निळे मासे असायचे, ते दिसेनासे झाले.

चौदा मेला शेवटची आली. पाणी गढूळ होतं, कॅमेरा सारखा हलत होता. माथ्यावर परातीएवढा तपकिरी तुकडा उरला होता, आणि त्याच्या चहूबाजूंनी पांढरी कड. मच्छीमारानं खाली मोडक्या हिंदीत आवाज पाठवला होता, की आज लाट मोठी होती, उद्या बोट वर ओढतोय, माफ करना. स्वप्नालीनं तो आवाज दोनदा ऐकला आणि फोन पालथा मांडीवर ठेवला.

वत्सलाबाईला राहवलं नाही. पंधरा दिवस तिनं भाकरीचा घास कसा गिळला हे तिचं तिला माहीत. ती उठली आणि पोरीच्या समोर जाऊन बसली.

"तेल म्या घातलं बाई," ती म्हणाली.

"माहितीय. मला उठल्या उठल्या लसणाचा वास आला होता."

"मग दवाखान्यात मला पुढं कावून न्हाई केलंस?"

"ते तुला बोलले असते. अन् तू ते जन्मभर धरून बसली असतीस."

वत्सलाबाईचा बांध फुटला. तिनं पोरीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, की मला बोल, शिव्या दे, माझ्या आंगावर धावून ये, पर आशी गप नको बसू. तुझं पाणी म्या तोडलं, तुझा म्हातारा म्या मारला. स्वप्नालीनं आईचे डोळे ओढणीनं पुसले.

"तू काय मुद्दाम केलंस का?" ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणूनच केलंस ना?"

किती मायेनं बोलली पोर! आणि वत्सलाबाईला त्यानं काडीचंही हलकं वाटलं नाही. उलट आधी निदान पोरीच्या रागाची वाट बघत बसता येत होतं, आता तेही उरलं नाही.

खाली रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. मग स्वप्नाली पालथ्या फोनकडं बघत बोलायला लागली.

"मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी बेटाच्या उत्तरेला गेले होते. तिथं रोग आधी आला होता. तिथून वर आलं की मोजायची फीत, हातमोजे, सगळं औषधाच्या पाण्यात धुवायचं असतं, मगच दुसऱ्या जागी उतरायचं. नियमच आहे तसा, मीच लिहिलाय. त्या दिवशी भरती लागत होती. औषधाचं पाणी बोटीत नव्हतं. मी नुसतं समुद्रात खळबळून घेतलं अन् म्हाताऱ्याकडं उतरले."

वत्सलाबाईनं तिचे हात पुन्हा हातात घेतले.

"त्याला त्या दिवशी मोजायची काही गरज नव्हती, आई. लांबून फोटो काढला असता तरी चाललं असतं. पण सहा वर्षं मी दर आठवड्याला त्याला हात लावत आले, नाही लावला तर मला चैन पडत नव्हतं. पहिला पांढरा डाग दहा दिवसांनी उठला. जिथं मी फितीचं टोक धरते ना, बरोबर तिथं. पाण्यातून आला असेल, माशांनी आणला असेल, कुणी सांगू शकत नाही. कदाचित माझ्यामुळं नसेलही. मी हे अजून कुणाला बोलले नाही."

पोरीचे हात आईच्या हातात होते आणि ते गार पडले होते, मे महिन्याच्या उन्हात. वत्सलाबाईच्या ओठांवर आलं होतं, की अगं, तू काय मुद्दाम केलंस का. पण तेच शब्द पोरीनं आत्ताच तिला दिले होते, आणि त्यांचा काही उपयोग होत नाही हे तिला कळून चुकलं होतं. म्हणून ती नुसती ते गार हात चोळत राहिली.